सॉफ्टवेअर प्रक्रियेचं मॉडेल फॉर्मल लॉजिकने कसं तपासायचं

प्रक्रियेची आकृती नीटनेटकी दिसली की ती बरोबरही आहे असं सगळे धरून चालतात. चौकटी आहेत, बाण आहेत, प्रत्येक बाण कुठेतरी पोहोचतो. पण दोष असतात ते दोन कामं एकाच वेळी चालू असताना, काहीतरी नापास होऊन मागे फिरताना आणि अपवादाच्या वाटेवर. आकृती वाचताना आपण एका वेळी एकच वाट चालतो, म्हणून नेमक्या याच जागा नजरेतून सुटतात. लिऑन ऑस्टरवाइल यांनी १९८७ मध्ये मांडलं की सॉफ्टवेअर बनवण्याची प्रक्रिया हेसुद्धा सॉफ्टवेअरच आहे. ते मान्य केलं तर तिच्यातही बग असणार, आणि प्रोग्राम तपासायची साधनं तिलाही लावता येणार.

मॉडेल चेकर प्रक्रियेच्या सगळ्या शक्य वाटा चालून पाहतो आणि नियम मोडणारी वाट सापडली तर ती पायरीपायरीने दाखवतो. मात्र त्याने ‘बरोबर’ म्हटलं तर त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही लिहिलेला नियम तुम्ही लिहिलेल्या मॉडेलमध्ये खरा ठरला. मॉडेल किंवा नियम यांपैकी एक जरी प्रत्यक्षापासून सुटलं असेल तरी ते ‘बरोबर’ कुचकामी आहे. त्यामुळे टूल शिकण्यापेक्षा जास्त वेळ या दोन गोष्टींसाठी राखून ठेवा.

पुढचं सगळं एका छोट्या प्रक्रियेवर दाखवलं आहे. बदलाची विनंती येते, डेव्हलपर कोड लिहितो, मग रिव्ह्यू आणि टेस्ट समांतर चालतात, दोन्ही झाले की रिलीज. रिव्ह्यू परत आला किंवा टेस्ट नापास झाली तर कोड पुन्हा लिहायचा. गंभीर बिघाडासाठी हॉटफिक्सची वेगळी वाट आहे: आधी रिलीज, मग रिव्ह्यू.

आधी बाणांचा अर्थ ठरवा

आकृती बीपीएमएनमध्ये (प्रक्रिया काढायच्या प्रमाणित चिन्हांत) असो की साध्या चौकटींची, ती टोकनच्या, म्हणजे काम आत्ता कुठे आहे ते दाखवणाऱ्या खुणेच्या, भाषेत वाचा. ही कल्पना कार्ल अॅडम पेट्री यांच्या १९६२ च्या प्रबंधातून आलेल्या पेट्री नेटची. काम सुरू झालं की एक टोकन निघतं, समांतर फाट्यावर त्याची दोन होतात, संगमावर दोनाचं एक होतं. विल व्हॅन डर आल्स्ट यांनी वर्कफ्लोसाठी सुदृढपणाच्या तीन अटी सांगितल्या आहेत: कुठल्याही टप्प्यावरून शेवट गाठता आला पाहिजे, शेवट गाठला तेव्हा मागे एकही टोकन उरता कामा नये, आणि कधीच होऊ शकत नाही असं एकही काम आकृतीत नको. कुठलाही खास नियम लिहिण्याआधी या तीन अटी तपासून घ्या.

नेहमी आढळणारे दोष दोन. एकच शाखा निवडणाऱ्या फाट्यापुढे ‘दोन्ही येईपर्यंत थांब’ असा संगम ठेवला तर प्रक्रिया तिथे कायमची अडकते. उलट, समांतर फाट्यापुढे ‘जो येईल त्याला सोड’ असा संगम ठेवला तर पुढचं काम दोनदा होतं.

आपल्या उदाहरणातला दोष याहून लपलेला आहे. रिव्ह्यू परत आला आणि टोकन कोडकडे गेलं. पण टेस्टच्या शाखेतलं टोकन अजून तिथेच आहे. कोड पुन्हा तयार झाला की फाटा दोन नवी टोकनं काढतो, म्हणजे टेस्टच्या शाखेत आता दोन टोकनं झाली आणि त्यातलं एक जुन्या कोडचं. संगमाला रिव्ह्यूचं नवं आणि टेस्टचं जुनं टोकन मिळालं तरी तो उघडतो. जुन्या कोडच्या टेस्टवर नवा कोड रिलीज होतो, आणि एक टोकन मागे उरतं. मागे फिरताना दुसरी शाखा रद्द होते की चालू राहते, हे आकृतीत सहसा लिहिलेलंच नसतं. ते स्वतः ठरवू नका. प्रक्रिया ज्यांच्या हातात आहे त्यांना विचारा आणि उत्तर मॉडेलच्या फाइलमध्येच टिपण म्हणून लिहून ठेवा.

‘जितक्या शाखा चालू झाल्या तितक्यांची वाट पाहा’ असा इन्क्लुझिव्ह संगम पहिल्या मॉडेलमध्ये टाळाच. कुणाची वाट पाहायची हे ठरवायला त्याला साऱ्या आकृतीत टोकन कुठे आहेत ते बघावं लागतं, आणि लूप असेल तर त्याचं उत्तर संदिग्ध होतं.

अवस्था मोजून लिहा

आता प्रत्येक विनंतीची अवस्था चलांमध्ये मांडा. कोड: बाकी, सुरू, तयार. रिव्ह्यू: बाकी, सुरू, मंजूर, परत. टेस्ट: बाकी, सुरू, पास, नापास. निकाल: चालू, रिलीज, रद्द. झाल्या ३ × ४ × ४ × ३ = १४४ अवस्था. शिवाय कोडची चालू आवृत्ती, रिव्ह्यू झालेली आवृत्ती आणि टेस्ट झालेली आवृत्ती असे तीन आकडे, प्रत्येक ० ते ३. एका विनंतीच्या कमाल अवस्था १४४ × ६४ = ९,२१६. दोन विनंत्या एकत्र चालवल्या की ८,४९,३४,६५६. प्रत्यक्षात गाठता येणाऱ्या अवस्था याच्या खूप कमी असतात, तरी वाढ कुठून होते ते या आकड्यांवरून कळतं. म्हणून सुरुवात नेहमी एका विनंतीने करा. दुसरी तेव्हाच आणा जेव्हा नियम दोघींच्या नात्याबद्दल असेल, जसं ‘एका वेळी एकच रिलीज’.

प्रत्येक बाण म्हणजे एक पाऊल, आणि प्रत्येक पावलाला दोन भाग: ते कधी टाकता येतं ती अट, आणि टाकल्यावर काय बदलतं ते. इथे एक गोष्ट हमखास चुकते. रिव्ह्यू हे एकच पाऊल म्हणून लिहिलं जातं: बाकीवरून थेट मंजूर. प्रत्यक्षात रिव्ह्यू तासभर चालतो आणि त्या तासात बाकीच्या गोष्टी घडत असतात. ज्या कामाच्या मध्ये दुसरं कुणी काही करू शकतं, त्याची ‘सुरू’ आणि ‘पूर्ण’ अशी दोन पावलं करा. ही फोड केली नाही तर पुढे दाखवलेला सगळ्यात महागडा दोष मॉडेलमध्ये घडूच शकत नाही, आणि टूल सगळं ठीक सांगतं.

निर्णयाच्या अटी वेगळ्या काढा

फाट्यावरच्या अटींना मॉडेल चेकर लागत नाही. झेड-थ्रीसारखा एसएमटी सॉल्व्हर, म्हणजे दिलेल्या अटी खऱ्या करणाऱ्या किमती शोधणारं टूल, पुरतो. समजा रिव्ह्यूच्या फाट्यावर तीन अटी आहेत: जोखीम ७ किंवा जास्त असेल तर वरिष्ठांचा रिव्ह्यू, जोखीम ७ हून कमी आणि बदललेल्या ओळी ४०० पर्यंत असतील तर साधा रिव्ह्यू, ओळी ४०० हून जास्त असतील तर बदल तोडून परत द्या. सॉल्व्हरला दोन प्रश्न विचारा.

पहिला: दोन अटी एकदम खऱ्या होऊ शकतात का? म्हणजे अटींच्या प्रत्येक जोडीचा ‘आणि’ सोडवता येतो का? इथे येतो. जोखीम ८ आणि ओळी ५०० असताना पहिली आणि तिसरी दोन्ही लागू होतात. आधी कुठली बघायची हे आकृतीत नाही, म्हणून एका टीममध्ये बदल वरिष्ठांकडे जातो आणि दुसरीत परत येतो.

दुसरा: एकही अट खरी नसेल अशी स्थिती आहे का? तिन्ही अटींच्या ‘किंवा’चा नकार सोडवायला द्या. सॉल्व्हर म्हणेल, असं होऊच शकत नाही, सगळं झाकलेलं आहे. या उत्तरावर थांबू नका. सॉल्व्हरच्या जगात पूर्णांकाला नेहमी काहीतरी किंमत असते. तुमच्या फॉर्ममध्ये जोखमीचा रकाना रिकामा राहू शकतो. ‘जोखीम भरली’ असं एक हो-नाही चल वाढवा, पहिल्या दोन अटींना ते जोडा आणि पुन्हा विचारा. आता लगेच उदाहरण येतं: जोखीम भरलेली नाही, ओळी १२०. अशी विनंती कुठल्याच वाटेला लागत नाही, नुसती पडून राहते.

नियम लिहिताना

प्रक्रियेच्या नियमांत ‘आधी’, ‘नंतर’, ‘तोपर्यंत’ हे शब्द असतात, म्हणून साधं विधान-तर्कशास्त्र अपुरं पडतं. कालिक तर्कशास्त्र लागतं. अमीर प्न्युएली यांनी १९७७ मध्ये ते प्रोग्रामसाठी वापरात आणलं. इथे □ म्हणजे ‘नेहमी’ आणि ◇ म्हणजे ‘कधी ना कधी’; ¬ म्हणजे ‘नाही’, ∧ म्हणजे ‘आणि’, ∨ म्हणजे ‘किंवा’, → म्हणजे ‘जर-तर’. ‘तोवर’चे दोन प्रकार आहेत: कडक, ज्यात वाट पाहिलेली गोष्ट घडलीच पाहिजे; आणि सैल, ज्यात ती कधीच घडली नाही तरी चालतं. ‘रिव्ह्यूशिवाय रिलीज नको’ हा सैल तोवरचा नियम आहे. तो कडक लिहिला तर मंजुरीआधीच रद्द झालेली प्रत्येक विनंती नियम मोडते आणि टूल खोटे दोष दाखवतं. सैल तोवर नसलेल्या टूलमध्ये तो ‘(प कडक-तोवर फ) ∨ □प’ असा लिहिता येतो.

सूत्रं शून्यातून रचू नका. ड्वायर, अवरुनिन आणि कॉर्बेट यांनी १९९९ मध्ये ५०० हून अधिक प्रत्यक्ष नियम तपासले तेव्हा बहुतेक सगळे मोजक्या साच्यांत बसले. आपल्या कामाला तीन साचे पुष्कळ होतात: हे कधीच नको, याआधी ते हवं, यानंतर ते यायलाच हवं.

आता एकच वाक्य घेऊ: ‘रिव्ह्यू झाल्याशिवाय रिलीज नाही.’ त्याचं सूत्र बरोबर जमायला तीन प्रयत्न लागतात. पहिलं:

¬रिलीज सैल-तोवर मंजुरी

टूल म्हणतं, बरोबर. पण ही वाट बघा. पहिली आवृत्ती तयार, रिव्ह्यू मंजूर, टेस्ट नापास, डेव्हलपर कोड बदलतो, दुसरी आवृत्ती, टेस्ट पास, रिलीज. दुसरी आवृत्ती कुणीच पाहिलेली नाही. नियम मात्र पाळला गेला, कारण रिलीजच्या आधी कधीतरी एक मंजुरी होती. म्हणून दुसरं:

□(कोड बदलला → (¬रिलीज सैल-तोवर मंजुरी))

आता टूल वरचीच वाट दोष म्हणून दाखवतं. प्रक्रियेत दुरुस्ती होते: कोड बदलला की मंजुरी पुसायची. पुन्हा चालवलं की ‘बरोबर’. बहुतेक जण इथे थांबतात. पण रिव्ह्यूची दोन पावलं केली असतील तर आणखी एक वाट उरते. रिव्ह्यू करणाऱ्याने पहिली आवृत्ती उघडली. तो वाचत असतानाच डेव्हलपरने दुसरी पुश केली, म्हणजे सर्व्हरवर चढवली. पुसायला अजून मंजुरीच नाही, म्हणून काही पुसलं गेलं नाही. मग त्याने समोरच्या जुन्या पानावर ‘मंजूर’ दाबलं. मंजुरी बदलाच्या नंतरची आहे, पण जुन्या कोडची. दुसरं सूत्र हे पकडू शकत नाही, कारण त्याला घटनांचा क्रम कळतो, मंजुरी कशाला दिली ते कळत नाही. तिसरं:

□(रिलीज → (रिव्ह्यूची आवृत्ती = चालू आवृत्ती ∧ टेस्टची आवृत्ती = चालू आवृत्ती))

यात रिव्ह्यूची आवृत्ती ‘रिव्ह्यू सुरू’ या पावलावर नोंदवायची, मंजुरीच्या पावलावर नाही. टूल आता ही वाट दाखवतं, आणि खरी दुरुस्ती समजते: मंजुरी स्वीकारताना आवृत्ती जुळते का ते बघा.

‘□(रिलीज → रिव्ह्यू = मंजूर)’ असा नियम तर लिहूच नका. रिलीजच्या पावलाची अट हीच आहे. नियम तिचीच पुनरुक्ती करतो आणि कधीच मोडणार नाही. नियमासाठी साक्षीदार चलं ठेवा, म्हणजे ती पावलांसोबत बदलतात पण कुठल्याही पावलाची अट त्यांना वाचत नाही. दुरुस्तीनंतर प्रत्यक्षातली यंत्रणाच आवृत्ती तपासू लागली, तरच तो आकडा अटीत येऊ द्या.

अवस्थांचा आकडाही इथे कमी करता येतो. नियमाला आवृत्तीचा क्रमांक नको आहे. रिव्ह्यू शिळा झाला का आणि टेस्ट शिळी झाली का एवढंच हवं आहे. तीन आकड्यांऐवजी दोन हो-नाही चलं ठेवली की १४४ × ४ = ५७६ अवस्था, आणि दोन विनंत्यांच्या ३,३१,७७६. ० ते ३ च्या मर्यादेमुळे चौथा बदल अडवला जायचा, तोही प्रश्न मिटतो.

हॉटफिक्सचं काय? त्यात रिलीज आधी असतं, म्हणून तिसरं सूत्र तिथे मोडणारच. सूत्र साध्या रिलीजपुरतं ठेवा आणि हॉटफिक्ससाठी दोन नियम वेगळे लिहा: □(हॉटफिक्स रिलीज → ◇मंजुरी), आणि बिघाड गंभीर नसताना हॉटफिक्स कधीच नको. दुसरा विसरला तर घाई असलेला प्रत्येक बदल हॉटफिक्सच्या वाटेने जाऊ शकतो आणि मॉडेलला त्यात काही वावगं दिसत नाही.

कुठलं टूल

क्रमाचे नियम स्पिन, न्यूएसएमव्ही किंवा टीएलए+ मध्ये तपासा. फरक महत्त्वाचा आहे. ‘प्रत्येक वाट शेवट गाठतेच’ आणि ‘प्रत्येक टप्प्यावरून शेवट गाठणं शक्य असतं’ ही दोन वेगळी विधानं आहेत. दुसरं रेषीय, म्हणजे एका वेळी एकच वाट पाहणाऱ्या, कालिक तर्कशास्त्रात लिहिताच येत नाही. त्याला शाखांचं, म्हणजे सीटीएल लागतं. ते न्यूएसएमव्हीत आहे. सुदृढपणाची पहिली अट नेमकी ही दुसऱ्या प्रकारची आहे.

प्रक्रिया संपते, पण कालिक तर्कशास्त्र अनंत वाटांवर चालतं. म्हणून रिलीज आणि रद्द या अवस्थांना स्वतःकडेच परत येणारं पाऊल द्या. नाही दिलं तर टीएलसी (टीएलए+ चा मॉडेल चेकर) त्यांनाच डेडलॉक, म्हणजे अडकलेली अवस्था, म्हणून दाखवतं. स्पिनमध्ये वैध शेवटाची जागा खास लेबलने सांगावी लागते. न्यूएसएमव्हीत काही अवस्थांना पुढचं पाऊलच नसेल तर उत्तरं चुकू शकतात. त्यासाठी असलेली तपासणीची आज्ञा आधी चालवा. स्पिनची शोधाची खोली मुळात १०,००० पावलांपर्यंत असते. ‘खोली अपुरी’ असा इशारा आला असेल तर ‘दोष नाही’ हे उत्तर धरू नका; मर्यादा वाढवून पुन्हा चालवा. शिवाय स्पिन आधी खोलात जातो, त्यामुळे त्याचं प्रतिउदाहरण, म्हणजे नियम मोडणारी वाट, उगाच लांब असू शकतं. छोटी वाट शोधण्याचा पर्याय लावा.

‘बरोबर’ आलं की उलटतपासणी

हा भाग वगळला तर आधीची सगळी मेहनत फुकट जाते. ‘हॉटफिक्सनंतर मंजुरी येतेच’ हा नियम हॉटफिक्स कधीच होऊ शकत नसेल तरीही खरा ठरतो. अटीत एक ‘आणि’ चुकून जास्त पडला तरी पुरे. म्हणून प्रत्येक ‘जर-तर’ नियमासाठी त्याचा ‘जर’ कधीच घडत नाही असा मुद्दाम खोटा नियम लिहा. टूलने तो मोडून दाखवलाच पाहिजे. नाही दाखवला तर मूळ नियम रिकामाच खरा आहे.

मग मॉडेल मुद्दाम बिघडवा. मंजुरी पुसणारी ओळ काढा, संगमाची एक अट काढा, स्वतःच्या कोडचा रिव्ह्यू चालू द्या. एका वेळी एकच. प्रत्येक बिघाडाने निदान एक नियम मोडला पाहिजे. बिघाड करूनही सगळं ‘बरोबर’च राहिलं तर तिथे एखादा नियम लिहायचा राहून गेला आहे.

काम संपतं का

□(विनंती आली → ◇(रिलीज ∨ रद्द)) हा नियम पहिल्यांदा मोडणारच. टूल अनंत फेरी दाखवेल: रिव्ह्यू परत, कोड, रिव्ह्यू परत, कोड. इथे फेअरनेसची अट, म्हणजे ‘अमुक पाऊल कधीतरी पडतंच’ असं गृहीतक, घालून सुटण्याचा मोह होतो. सुरू झालेलं काम कधीतरी पूर्ण होतं, एवढा दुर्बळ फेअरनेस रास्त आहे. त्यावाचून टूल ‘टेस्ट सुरू झाली आणि कायम चालूच राहिली’ असली वाटही दोष म्हणून दाखवतं. पण ‘रिव्ह्यू करणारा कधीतरी मंजुरी देतोच’ हे गृहीतक घालू नका. ते माणसाच्या निर्णयाबद्दल आहे, आणि नेमका प्रश्नच त्याने झाकला जातो. त्याऐवजी प्रक्रियेत मर्यादा आणा: तीनदा परत आलं की टीम लीडने रिलीज किंवा रद्द ठरवायचं. मग फेरीचा आकडा मोजणारं चल ० ते ३ पुरतं.

कोण काय करतं

माणसं आणि भूमिका यांचे नियम पहिल्या क्रमाच्या तर्कशास्त्रात येतात, आणि त्यासाठी अलॉय हे टूल उत्तम. ‘लेखक स्वतःचा रिव्ह्यू करत नाही’ हे ‘समीक्षक ≠ लेखक’ असं लिहिलं की एक पळवाट राहते: रिव्ह्यू करणारा स्वतः एक कमिट (कोडमधला नोंदवलेला बदल) टाकतो आणि मग मंजुरी देतो. नियम संचावर लिहा: समीक्षक ∉ त्या आवृत्तीचे लेखक, म्हणजे समीक्षक त्या लेखकांपैकी नसावा. लगेच उलट प्रश्नही विचारा. दोनच माणसांची टीम आणि दोघांचेही कमिट असतील, तर रिव्ह्यू करायला उरतं कोण? टूल सांगेल, कुणीच नाही, म्हणजे प्रक्रिया अडकली. नियम कडक करताना तो पाळता येण्याजोगा राहिला का, हे दरवेळी असं तपासा.

अलॉयची व्याप्ती मुळात प्रत्येक प्रकाराचे ३ नग एवढी असते. भूमिकांचे दोष बहुधा तेवढ्यात सापडतात, तरी शेवटची फेरी ५ वर चालवा. पूर्णांक मात्र ४ बिटांचे, म्हणजे −८ ते ७. ‘४०० ओळी’ची अट तिथे नेऊ नका.

वाट हाती आल्यावर

प्रतिउदाहरण टूलच्या भाषेत कुणालाही दाखवू नका. चलांच्या किमती बाजूला ठेवून ‘सीमाने पहिली आवृत्ती उघडली, राहुलने दुसरी पुश केली, सीमाने मंजूर दाबलं’ अशा पाच-सात ओळी लिहा आणि रोज ते काम करणाऱ्यांना विचारा: असं होऊ शकतं का? ‘हो’ आलं तर प्रक्रिया बदला. ‘नाही, कारण सर्व्हर अडवतो’ असं उत्तर आलं तर तो अडसर मॉडेलमध्ये घाला, पण सर्व्हरवर ती सेटिंग खरंच चालू आहे का ते स्वतः बघून मगच. ‘होऊ शकतं, आणि त्यात काही बिघडत नाही’ असं आलं तर नियम चुकलेला आहे.

हेच नियम शेवटी प्रत्यक्षातल्या नोंदींवरही चालवता येतात. तिथे प्रत्येक विनंतीची वाट सांत असते, म्हणून ‘कधी ना कधी’चा नियम अजून चालू असलेल्या विनंतीवर मोडला असं धरू नका; तो प्रलंबित आहे. ‘कधीच नको’चा नियम मात्र मोडला त्या क्षणी मोडलाच. या तपासणीत अडतं ते एका जागी: नोंदीत मंजुरीची वेळ असते, पण मंजुरी कुठल्या कमिटला दिली ते बरेचदा नसतं. वेळेवरून फक्त दुसरं सूत्र तपासता येतं. तिसरं तपासायचं असेल तर रिव्ह्यू उघडताना समोर असलेल्या कमिटचा हॅश (त्याची ओळख-खूण) मंजुरीच्या नोंदीतच साठवायला लावा, आणि टेस्टच्या नोंदीतही.